तेरीनामागे कोण उठणार

क्राइस्टचर्च
बुधवार, १९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय रीपेकाताई,

आधी आपल्या डोंगराला, मग नदीला आणि मग तुला नमस्कार. क्रम चुकला तर तू पुढचं वाचणार नाहीस, म्हणून सगळं रीतसर. गुडघा कसा आहे? मलम लावतेस की कपाटात ठेवून नुसतं त्याच्याकडे बघतेस? कुत्र्याची गोळी पावाच्या तुकड्यात घालून दे. चीजमध्ये दिलीस तर तो चीज खातो आणि गोळी तुझ्या चपलेत थुंकतो.

मी सुखरूप पोचले. इथे तो गरम वारा सुटलाय आणि ज्याचं त्याचं डोकं दुखतंय. मोटेलच्या खोलीत माझ्याबरोबर ग्लेनिस आहे, आमच्या कॉलेजातली प्रयोगशाळा सांभाळणारी. मनाने फार चांगली, पण तोंडाला विश्रांती म्हणून नाही. फोन करायचा सोडून ही पत्र का खरडतेय, असं म्हणत तू आत्ता चष्मा कपाळावर चढवला असशील. कारण आहे. सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगू दे.

नद्यांतल्या जिवांवरची ही परिषद कशी आहे म्हणशील, तर आपल्याकडे कोणी मोठं माणूस गेल्यावर चहूकडून माणसं लोटतात ना, तशी गर्दी. फरक एवढाच की इथे कोणी रडत नाही आणि जेवण अगदीच बेताचं. एकाच वेळी आठ खोल्यांत आठ जण बोलत असतात, आणि कुठेही बसलं तरी वाटत राहतं की खरी मजा पलीकडच्या खोलीत चाललीय. कार्यक्रम मोबाईलवर बघायचा, तो दर तासाला बदलतो. काल मी दलदलीवरचं ऐकायला म्हणून शिरले आणि शेवाळावरचं ऐकत बसले. मध्येच उठावं तर खोलीत मोजकीच माणसं, बोलणारा पोरगा आशेने माझ्याकडेच बघत होता.

प्रत्येकाच्या गळ्यात नावाचा बिल्ला. लोक आधी तुमच्या छातीवरचं वाचतात आणि मग चेहऱ्याकडे बघायचं की नाही ते ठरवतात. माझ्या बिल्ल्यावर माझं नाव आणि आपल्याकडचं छोटं कॉलेज. वाचून झालं की समोरच्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जाते, आणखी कोणी बरं मिळतंय का बघायला. आपल्या धाकट्या तेरीनाच्या बिल्ल्याला लाल फीत आहे. ती फक्त मुख्य भाषण करणाऱ्यांना देतात. ती कॉफीच्या रांगेत उभी राहिली की रांग मोडते आणि तिच्याभोवती घोळका होतो. मग त्यातला एखादा माझं गाव वाचतो आणि विचारतो, "म्हणजे तुम्ही तेरीनाच्या गावच्या?" मी म्हणते, "ती माझ्या गावची." त्यांना त्यातला फरक कळत नाही.

झालं, तू म्हणशील, माकाच्या नाकाला पुन्हा मिरच्या झोंबल्या. झोंबल्याच. मावशीने आपली ही पोर आपल्याकडे वाढायला आणून सोडली तेव्हापासून झोंबतायत. माझ्या अंथरुणातली अर्धी जागा तू तिला दिलीस, ते एक वेळ चाललं. पण हेनारेमामा वाम मासे धरायची टोपली उचलायला न्यायचा तेव्हा मला काठावर दोर धरून उभी करायचा आणि तिला पाण्यात उतरवायचा. का, तर ती हलकी, गाळात रुतत नाही. ती अजूनही रुतत नाही. वामांच्या पाठीवर यंत्रं बसवून ते अंडी घालायला कुठे जातात ते तिने पार टोंगाच्या समुद्रापर्यंत जाऊन शोधून काढलं. मी काय करते? त्यांची पिल्लं दर वसंतात परत येतात आणि आपल्या रस्त्याखालच्या पाइपाशी अडतात, त्यांना वर चढायला दोर बांधून देते आणि किती चढली ते मोजते. जाणाऱ्यांच्या मागे गेलं की वर्तमानपत्रात फोटो येतो. येणाऱ्यांची वाट बघत पाण्यात बसलं की सर्दी होते.

आणि तो वर्तमानपत्रातला फोटो तू फ्रिजवर लावलायस. माझ्या डॉक्टरेटचा फोटो कुठे आहे, सांग बघू? कपडे धुण्याच्या मशीनवर, साबणाच्या डब्यामागे. इतकी वर्षं बोलले नाही, आज बोलले.

आज सकाळी तिचं मुख्य भाषण झालं. मोठ्या सभागृहात, पाय ठेवायला जागा नव्हती. चांगलं झालं. टाळ्या वाजल्या.

बटाट्यांना फुलं आली का? नाताळला नवे बटाटे हवे असतील तर आता भर घालायला हवी. शेजारच्या पोरांना सांग, स्वतः वाकू नकोस. पाण्याच्या टाकीचं झाकणही त्यांच्याकडूनच बसवून घे.

बटाट्यांचं काय घेऊन बसलेय मी. भाषणाचं सांगते.

तिने सुरुवात आपल्यासारखीच केली. डोंगर, नदी, आणि गेल्या वर्षी गेलेला हेनारेमामा. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "माझी थोरली बहीण माकरेता इथे बसलीय. आमच्या नदीबद्दल मी जे काही सांगेन, त्यातलं निम्मं तिने मोजलेलं आहे." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पडद्यावरही तिच्या नावाच्या आधी माझं नाव. ताई, तिने मला डावललं असतं तर किती बरं झालं असतं. रागवायला धड कारण तरी मिळालं असतं. मी भाषणभर एखादी चूक सापडते का बघत होते. एक सापडली. नदीच्या एका वळणाचं नाव तिने भलतंच घेतलं असं वाटलं, आणि मग आठवलं की मीच कायम चुकीचं घेते.

भाषण संपलं, टाळ्या थांबल्या, आणि सभागृह गप्प होऊन वाट बघायला लागलं. ग्लेनिसने कुजबुजून विचारलं, "आता काय राहिलंय?"

मीही कुजबुजले, "गाणं. बोलणाऱ्याची माणसं उठतात आणि त्याच्यासाठी गातात. त्याशिवाय बोलणं पुरं होत नाही."

"मग हिची माणसं कुठायत?" ग्लेनिस म्हणाली.

सभागृहात इतर जमातींचे आपले लोक काही कमी नव्हते. एरवी त्यातले पन्नास जण उठले असते. पण तिने मला दाखवलं होतं ना, थोरली बसलीय म्हणून. घरचं माणूस समोर असताना परक्याने आधी उठणं म्हणजे त्या घराच्या तोंडात मारणं. सगळे माझ्यासाठी खोळंबले होते.

मी उठले नाही, ताई.

भोवळ आली, पाय लटपटले, असलं काही नव्हतं. मला सगळं स्वच्छ कळत होतं. मामाने शिकवलेलं नदीचं गाणं ओठांवर होतं. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली आणि मनात म्हटलं, बाकी सगळं तुला मिळालं, हे मात्र मिळायचं नाही. स्टेजवर ती एकटी उभी होती. तिला इतकी एकटी मी पूर्वी कधी पाहिली नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग ती हसली. माईक जवळ घेऊन म्हणाली, "माझ्या ताईचा घसा कालपासून बसलाय. मीच दम दिलाय तिला, उठलीस तर बघ म्हणून. तेव्हा माफी असावी." लोक हसले. इथल्या यजमान जमातीतली एक म्हातारी काठी टेकत उठली, तिने सगळ्यांना येणारं गाणं धरलं, आणि सारं सभागृह उठून गायला लागलं. मीही उभी राहिले, तोंड मिटून.

बघितलंस? लाज माझी, आणि त्यातूनही मोठेपणा तिलाच मिळाला. बाहेर आल्यावर जो तो म्हणतोय, बहिणीला किती जपते बाई. ग्लेनिस म्हणाली, "तरीच तू मघाशी कुजबुजत होतीस," आणि धावत जाऊन मध आणि लिंबू घेऊन आली. तेरीनाने चार लोकांत माझ्या हातात खडीसाखरेसारख्या गोळ्यांची पुडी दिली. "बोलू नकोस हं, माकाताई," मोठ्याने म्हणाली. डोळे मात्र हसत नव्हते.

म्हणून फोन नाही. माझा आवाज गेलाय आणि ग्लेनिस शेजारच्या पलंगावर आहे.

पण हे इथे संपत नाही. उद्या जेवणाच्या आधी वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत माझा पेपर आहे. माझी दोरांवरून चढणारी पिल्लं, माझी सगळी वर्षं, पंधरा मिनिटांत. त्या सत्राचा अध्यक्ष मला शोधत आला. दाढीवाला, फार कळवळ्याचा. म्हणाला, "डॉक्टर, घशाचं कळलं. काळजी करू नका, तेरीना तुमचा पेपर वाचेल, मी तिला विचारलंय." ती त्याच्या मागेच उभी होती. म्हणाली, "माकाताई म्हणेल तसं." आता माकाताई काय म्हणणार? भांडायला आवाज लागतो. मी मान हलवली. मला नाही म्हणायचं होतं, त्याला हो वाटलं, आणि त्याने तिथल्या तिथे मोबाईलवरच्या कार्यक्रमात माझ्या नावापुढे तिचं नाव घातलं.

तुझी
माका

*

क्राइस्टचर्च विमानतळ
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. डोंगर आणि नदीला तू माझ्या वतीने सांग, आज त्यांच्यापुढे उभं राहायला मला जड जातंय.

बुधवारचं पत्र तुला मिळायच्या आत बातमी मिळालेली असणार, आपल्या माणसांना टपाल कुठे लागतं. तरी माझ्याकडून ऐक.

काल सकाळी तेरीनाने मला मागच्या जिन्यात गाठलं. हातात माझा पेपर, कडेला पेन्सिलीने खुणा केलेल्या. जिन्यात आम्ही दोघीच. म्हणाली, "आता बोल. इथे कोणी नाही."

मी म्हटलं, "काय बोलू?"

"मुद्दाम बसलीस ना?"

"हो."

मला वाटलं रडेल, निदान का म्हणून विचारेल. ती म्हणाली, "मी खोटं बोलले ते तुझ्यासाठी नाही. परक्यांच्या घरात आपलं माणूस आपल्या माणसामागे उठलं नाही, असं मी माईकवरून सांगणार होते का? आता तू बोललीस तर तू खोटी आणि मीही खोटी. मी मुख्य भाषणात खोटं बोलले असं होईल. तेव्हा आज गप्प बस. तुझं काम मी नीट वाचीन."

"माझं काम मी वाचीन," मी म्हटलं.

"ते काल ठरवायचं होतंस," म्हणाली आणि जिना चढून गेली. हलकी हलकी.

वरची खोली छोटी. एरवी माझ्या पेपरला पंधरावीस माणसं आली तरी मी घरी येऊन तुला सांगते. काल मोबाईलवर तिचं नाव होतं ना, तर लोक भिंतीला टेकून उभे, दारातही उभे. ती यजमान म्हातारीही आली होती, तिला पुढची खुर्ची दिली. मी पहिल्या रांगेत, गळ्याभोवती ग्लेनिसची लोकरीची पट्टी, अंगाची नुसती आग होत होती.

आणि तिने वाचलं. ताई, मी तो पेपर कितीदा वाचला असेल. मी वाचते तेव्हा लोक घड्याळ बघतात. ती पाइपाशी आली, ओल्या दोराला चिकटून ती काचेसारखी पिल्लं वर सरकतायत त्या जागी, आणि थांबली. खोलीतले सगळे पुढे झुकले. ज्या वसंतात एकही पिल्लू आलं नाही, ते मी एका ओळीत लिहिलंय, आकडा शून्य. तिने ते इतकं हळू वाचलं की मलाच नव्याने वाईट वाटलं. एक शब्द बदलला नाही, एक शब्द गाळला नाही. तिने वाईट वाचलं असतं तर मी सुखाने बसले असते. मला तेवढंही तिने मिळू दिलं नाही.

शेवटचं वाक्य झालं. तिने कागद खाली ठेवले. लोक थांबले.

माझ्या तेव्हाच लक्षात आलं आणि मला वाटतं तिच्याही. मागून गाणार कोण? थोरलीचा घसा बसलेला. आपलं तिसरं माणूस तिथे नाही. दाढीवाला अध्यक्ष हातातले कागद खालीवर करायला लागला. आणि पुढच्या खुर्चीतल्या म्हातारीने काठी पायांमध्ये रोवली आणि दोन्ही हातांनी तिच्यावर जोर द्यायला लागली. पुन्हा तीच उठणार होती. एकदा उठली ती माया. दुसऱ्यांदा उठली की ती कीव झाली, आणि ती गोष्ट बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणार. त्या नदीची दोन माणसं आली होती म्हणे, आणि गाणं आम्हाला म्हणावं लागलं.

तेरीनाने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. अगदी थोडी. नको, असं.

मी उठले. पट्टी काढून खुर्चीवर टाकली आणि नदीचं गाणं धरलं, मामा धरायचा त्या वरच्या पट्टीत. घसा ठणठणीत होता. इतका ठणठणीत की दारातली माणसं दचकली. पहिल्या ओळीला कोणाला कळलं नाही. दुसऱ्या ओळीला कळलं. मी गात होते आणि मला एकेक चेहरा दिसत होता, आदल्या दिवशी कळवळलेला, आता हिशेब करणारा. म्हणजे काल हिला गाता येत होतं. म्हणजे काल ही बसून राहिली. तेरीनाचा चेहरा पांढरा पडला. तीही खोटी ठरली होती, आणि हे सगळं मीच करून ठेवलं होतं. मला वाटलं ती तशीच निघून जाईल. गेली असती तर तिचं काही चुकलं नसतं.

ती टेबलामागून आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिसऱ्या ओळीला आवाज मिसळला. चांगला लागतो गं तिचा आवाज. माझ्यापेक्षा चांगला. तुला हे लहानपणापासून माहीत होतं आणि तू मला कधी सांगितलं नाहीस, ते बरं केलंस.

गाणं संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हातारीने काठी बाजूला ठेवली, रीतीप्रमाणे आम्हा दोघींच्या नाकाला नाक लावलं आणि मला म्हणाली, "बरा झाला वाटतं घसा." मी म्हटलं, "बसलाच नव्हता, आजी." ती म्हणाली, "ते मला कालच दिसलं." बाकीचे जेवायला गेले. जेवणाच्या रांगेत माझा बिल्ला वाचून काहीजण पुढे सरकले, काहीजणांनी उगाच पाठीवर हात ठेवला. दोन्ही सारखंच बोचलं.

ग्लेनिस खोलीवर येईपर्यंत गप्प होती. ती गप्प होती यावरून काय ते समज. मग म्हणाली, "म्हणजे घसा बरा होता."

"हो."

"आणि मी केलेलं मध-लिंबू?"

"छान होतं," मी म्हटलं. तिने उशी फेकून मारली. ती बरी बाई आहे.

आता जे तुला सांगायचं आहे ते. काल संध्याकाळी तेरीना आणि मी इथल्या नदीच्या काठाने चालत होतो. नदी कसली, बागेतला ओढाच, पण वाम आहेत, पुलाखाली लोक त्यांना खायला टाकतात. दोघी वाकून बघत होतो. मग तिने विचारलं, "काल का नाही उठलीस?"

मी म्हटलं, "कालचं भाषण तुझं होतं."

"आणि आज?"

"आजचं माझं होतं."

मला वाटलं होतं, तिला हसू येईल. आलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामागे तू अजून उठलीच नाहीस."

खोटं बोलायची सोय आता उरली नव्हती. ती म्हणाली, "जानेवारीत मामाच्या थडग्यावर बसवलेल्या दगडावरचं कापड काढायचंय. तेव्हा घरच्यांच्या वतीने बोलायला रीपेकाताईने मला सांगितलंय. तुला तिने सांगितलं नसणार."

नव्हतं सांगितलंस, ताई. दगड कोणता, कोकरं किती कापायची, तंबू कोणाकडून आणायचा, सगळं माझ्याशी बोललीस. हे नाही. तू का सांगितलं नाहीस ते मला कळतं. तरी पुलाच्या कठड्याला धरून उभी होते आणि मनात तेच, अगदी तेच सुरू झालं. मामाला शेवटची दोन वर्षं मी भरवलं. डॉक्टरांकडे मी नेलं. आणि बोलणार ती. मी काल गायले, सगळ्यांसमोर नाक कापून घेतलं, मला वाटलं होतं की त्यात ते जळून गेलं असेल. काही जळून गेलं नाही. जसंच्या तसं आहे.

तिच्याऐवजी मला बोलायला सांग, असं मी म्हणणार नाही. ती माझ्याहून चांगलं बोलेल. मामाला शोभेल असं बोलेल, सगळे रडतील, मीही रडेन, आणि रडता रडता जळेन. तुझ्याकडे मागणं वेगळंच आहे.

ती बोलून थांबेल तेव्हा अंगणात आपली सगळी माणसं असतील. तू नेहमी पहिली उठतेस, आणि तू उठलीस की सगळे उठतात, मग मी कुठेतरी मागून उठेन आणि कोणाला काही कळणार नाही. मलाही कळणार नाही. तसं करू नकोस. त्या दिवशी बसून राहा. धाकट्यांना, मुलांना, सगळ्यांना बसवून ठेव. कितीही वेळ लागला, लोक एकमेकांकडे बघायला लागले, तरी तू उठू नकोस आणि माझ्याकडे बघूही नकोस.

मी उठेन असं वचन मी देत नाही. पण माझी जागा अडवू नकोस, ताई.

तुझी धाकटी आणि तिची थोरली,
माका